कोको हस्क चिप्स मल्च: पाण्याचा ताण बसलेल्या वेडेलियावर वापरून बघितलं

नारळाच्या सोडणाचे तुकडे दाबून ब्लॉक करून विकतात ना, ते मल्च म्हणून, म्हणजे मातीवर आच्छादन म्हणून पसरायला मागवले, कारण वेडेलियाचा (जमिनीवर पसरणारं, पिवळ्या फुलांचं झाड) अख्खा वाफा पाण्याच्या ताणाने पिवळा पडला होता आणि मधूनमधून नुसती माती दिसत होती. प्रॉडक्ट चांगलंय, परत नक्की घेणार.

तुकडे बोटाच्या पेराएवढे, भुसा फार कमी. हे खूप महत्त्वाचंय, कारण बारीक कोकोपीट (सोडणाचा भुसा) वरून पसरलं की सुकल्यावर त्याचा पापुद्रा धरतो आणि पाणी आत न जाता कडेने वाहून जातं, चिप्समधून मात्र सरळ मातीत उतरतं. तक्रार एकच, पाकिटावर धुतलेलं लिहिलंय तरी पहिलं पाणी चांगलंच तपकिरी निघालं. सोडणात सोडियम-पोटॅशियमचे क्षार असतात, आधीच दमलेल्या झाडाला ते कशाला, त्यामुळे रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि परत एकदा धुवूनच वापरा.

आता खरं सांगायचं ते हे की मल्च पाणी देत नाही, असलेली ओल धरून ठेवतं! कोरड्या ठणठणीत मातीवर चिप्स पसरले तर थोडंथोडं घातलेलं पाणी वरच शोषलं जातं. फार वाळलेली माती पाणी पटकन घेतच नाही म्हणून थोडं घालायचं, मुरू द्यायचं, परत घालायचं, बोट खुपसून खाली ओल लागली की मगच दोनेक इंचाचा थर. वेडेलियाला पेरापेराला मुळं फुटतात, ती पेरं मातीला टेकलेली राहायला हवीत, म्हणून वरून ओतू नका, फांद्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत हाताने भरा आणि बुंध्याला चिकटवू नका, कूज लागते. वाळलेली वाटणारी काडी आधी नखाने खरवडून बघा, आत हिरवी असेल तर ठेवा. नवी पालवी धरेपर्यंत खत अजिबात नको.

माझ्या वाफ्यात आधी पेरांशी बारीक कोंब दिसले, मग फांद्या मोकळ्या जागेकडे सरकायला लागल्या, आणि भर उन्हातही चिप्स बाजूला केले की खालची माती गार आणि ओलसर लागते, इतकं बरं वाटतं बघून! पाणीही आता रोज घालावं लागत नाही.

ऑफिस टाइमच्या (पोर्टुलाका, जाड रसाळ पानांचं फुलझाड) वाफ्यात मात्र इतका जाड थर देऊ नका, त्याला मुळाशी सतत ओल चालत नाही.