वाचनालयाला पुस्तकं द्यायची की टॅब?
कॉलेजच्या पोरांनी वर्गणी काढली असेल तर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या गावांना आधी पुस्तकंच द्या असं माझं मत. जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, रेंजचं पण तसंच, आणि एका टॅबच्या पैशात 50 एक गोष्टीची पुस्तकं येतात, तेवढी पोरं एकाच वेळी वाचतात. फक्त दमटपणानं बुरशी धरते, लोखंडी कपाट घ्याच. टॅबचं काम वेगळं, मराठी माध्यमाच्या कर्नाटकच्या पुस्तकांच्या पीडीएफ बेळगावातून उतरवून नेल्या की नेट लागत नाही, शिवाय कन्नड उच्चार कानानं ऐकता येतात, आमच्या पोरांना त्याची खरंच गरज आहे. पण चार्जिंग, दुरुस्ती कोण बघणार हे ठरल्याशिवाय घेऊ नका. दहावीवाल्यांसाठी एक-दोन बास.