पट्ट्यावरची दुडकी की मोकळं रान? खंडानंतर शिकारी कुत्रा कामाला लावताना

मुरलेला शिकारी हाउंड, म्हणजे वासावर माग काढणारा कुत्रा, काही महिने बसून राहिला तरी त्याला नव्याने शिकवावं असं फार काही नसतं. माग, हाक, शिट्टी सगळं डोक्यात शाबूत असतं. अंग तेवढं मागे पडलेलं असतं, आणि त्याचा त्याला पत्ता नसतो. पिल्लू दमलं की बसतं. हा बसत नाही.

दुखापतीमुळे खंड पडला असेल तर पशुवैद्याने होकार दिलाय असं धरतो. मग प्रश्न उरतो रोजच्या मेहनतीचा. पट्टा लावून, सायकलसोबत किंवा पायी, दुडकी चालवायची, की रानात सोडून कामातूनच अंग कमावू द्यायचं? मी दोन्ही करून पाहिलंय.

मोकळ्या रानाची बाजू कमजोर नाही. उंचसखल जमीन, अचानक वळणं, धावता धावता पाय रोवून थांबणं, हे सरळ रस्त्यावरच्या दुडकीत मिळत नाही. शिवाय नाकाचा प्रश्न आहे. धाप लागलेला कुत्रा तोंडाने श्वास घेतो आणि वास निसटतो. दम आणि नाक एकत्र जुळतात ती कामातच. कुत्रा खूश असतो तो वेगळाच फायदा. दुडकी त्याला कंटाळवाणी वाटते, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही.

तरी दुडकीत दोन गोष्टी अशा मिळतात की मला त्या सोडवत नाहीत. एक म्हणजे तळवे. बसून मऊ पडलेल्या गाद्या टणक व्हायला कडक जमिनीवरची संथ, रोजची चाल लागते. इंग्लंडमध्ये फॉक्सहाउंडच्या, म्हणजे कोल्ह्यामागे धावणाऱ्या हाउंडच्या, कळपांना हंगामाआधी उन्हाळ्यात रस्त्यांवरून फिरवतात, आधी सायकलवरून, पुढे घोड्यावरून, त्यामागे हेही कारण आहे. (तापलेलं डांबर अर्थातच टाळायचं.) दुसरी म्हणजे लंगड. दुडकीत तिरके पाय, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा, जोडीने पडतात, त्यामुळे बारीकशी कसरही डोळ्यांत भरते. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं. चौखूर धावणाऱ्या कुत्र्यात हे कुणाला दिसणार?

पण माझा कौल ठरला तो एका कटकटीमुळे. रानात सोडलेल्या कुत्र्याला ‘आता पुरे’ म्हणता येत नाही. माग लागला की किती धावायचं ते माग ठरवतो, आपण नाही. शिट्टी ऐकू येत असते, पण तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो. मी बांधावर उभा राहून घड्याळ बघायचो, आज थोडंच काम द्यायचं असं ठरवून आलेलो असायचो, आणि तो परत यायचा तेव्हा अंधारून आलेलं असायचं. आल्यावरही शेपूट हलवत, ताजातवाना. हिशेब दुसऱ्या सकाळी कळायचा. उठताना अंग आखडलेलं, एखादी गादी सोललेली, की पुन्हा सक्तीची विश्रांती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हृदय आणि स्नायू लवकर सावरतात, कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे) आणि अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे) मागून येतात. त्यामुळे दम परत आला म्हणून कुत्रा तयार झाला असं नसतं, आणि नेमक्या त्या मधल्या काळात मेहनतीची मात्रा आपल्या हातात हवी. पट्ट्यावर ती राहते. थांबल्यावर धाप लवकर बसत नसेल, तर दुसऱ्या दिवशी अंतर कमी करायचं, एवढं सोपं.

सायकलचाही ताप आहेच. वास आला की हाउंड रस्त्याच्या कडेला झेप घेतो. छातीचा पट्टा वापरा, दोरी हँडलला बांधू नका.

ग्रेहाउंडसारख्या नजरेवर धावणाऱ्या कुत्र्यांना कदाचित दुडकी पुरणार नाही, त्यांचं काम छोट्या, जोरकस धावेचं. पण सवय मोडलेल्या कुत्र्याने एकदम अशी धाव घेतली तर स्नायूच तुटू लागण्याचा धोका असतो. धावेनंतर अंग ताठरलं आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर थेट पशुवैद्याकडे जायचं.

माझा क्रम असा: आधी चालणं, मग दुडकी, मग चढ. त्यानंतर कुत्रा लांब दोरीवर, आणि पुढे आपणच वासाची वस्तू ओढून आखलेला माग, कारण त्याची लांबी आपण ठरवतो. मग मोकळं, पण एकट्याला. पूर्ण तयार असलेल्या सोबत्यांबरोबर सोडणं सगळ्यात शेवटी, नाहीतर तो त्यांच्या वेगाने जातो. तुमच्याकडे कुंपण घातलेलं रान असेल आणि कुत्रा खरोखर हाकेला येत असेल, तर मोकळं थोडं आधी सुरू करायला हरकत नाही. असे हाउंड मी फार पाहिलेले नाहीत.