परत आलेली गोष्ट पुन्हा लिहायची की नवीन सुरू करायची?

चार-पाच ठिकाणांहून ‘साभार परत’ आलं की लिहिणारा एकाच प्रश्नात अडकतो, हीच गोष्ट परत लिहू की सोडून देऊन नवीन काहीतरी घेऊ? आणि खरा त्रास हा की दोन्हीसाठी जे लागतं, म्हणजे आतून काहीतरी सुचणं, नेमकं तेच तेव्हा बंद पडलेलं असतं. मी दोन्ही करत आलोय आणि माझं मत स्पष्ट आहे, नकार किती आले यावरून ठरवू नका. नकार कसा आला, आणि त्या गोष्टीत तुम्हाला स्वतःला अजून काही शोधायचं शिल्लक आहे का, यावरून ठरवा.

नकार कसा आला म्हणजे काय, तर सगळ्यांना जातं ते ठरलेलं उत्तर, ‘आमच्या सध्याच्या नियोजनात बसत नाही’ वगैरे, त्यातून काहीही कळत नाही. जागा नसेल, तसाच विषय त्यांनी आधीच घेतला असेल, नाहीतर दुसऱ्या पानावरच वाचणारा थांबला असेल. अशी दहा उत्तरं आली तरी तुमच्या लिखाणात काय कमी आहे ते त्यातून समजत नाही, त्यामुळे त्यांच्या जोरावर गोष्ट बदलायला घेऊ नका. पण कुणी स्वतःहून दोन ओळी लिहिल्या असतील, ‘सुरुवात रेंगाळते’ किंवा ‘बहिणीचं पात्र जास्त हवं होतं’, तर तो नकार जपून ठेवा, कारण त्या माणसाने वेळ काढून तुमचं वाचलंय.

पुन्हा लिहिण्याच्या बाजूने सगळ्यात ठाम उदाहरण इंग्रज लेखक विल्यम गोल्डिंगचं. त्याची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही कादंबरी बऱ्याच प्रकाशकांनी परत पाठवली होती, फेबर या प्रकाशनसंस्थेत आलेली हस्तलिखितं वाचणाऱ्या व्यक्तीनेही ती टाकाऊ आणि कंटाळवाणी ठरवली होती. तिथल्याच चार्ल्स मॉन्टीथ नावाच्या नव्या संपादकाला तिच्यात काहीतरी दिसलं, त्याने सुरुवातीचा युद्धाचा भाग काढायला सांगितला, आणखी बदल सुचवले, गोल्डिंगने ते केले आणि १९५४ मध्ये पुस्तक आलं. अमेरिकन लेखिका हार्पर लीचं तर अजून शिकण्यासारखं आहे. १९५७ मध्ये तिच्या हस्तलिखितात नायिका मोठी झालेली होती, संपादक टे हॉहॉफ यांना बालपणाच्या आठवणींचे भाग जास्त जिवंत वाटले, मग लीने ते बालपण घेऊन सगळं नव्याने लिहिलं आणि १९६० मध्ये ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ आली. म्हणजे नवीन सुचलं ते बाहेरून आलं नाही, जुन्या मसुद्यातच पडलेलं होतं.

पण या दोघांनाही कुणीतरी नेमकं बोट ठेवून दाखवलं होतं. हे नसताना पुन्हा लिहिणं म्हणजे नुसतं चाचपडणं होतं, आपण विशेषणं बदलतो, परिच्छेद वरखाली करतो, महिने जातात आणि गोष्ट आहे तिथेच. त्यामुळे संपादक नसेल तर आधी असे एक-दोन वाचक शोधा जे ‘छान आहे’ म्हणून थांबणार नाहीत, त्यांना एवढंच विचारा की वाचताना कुठे कंटाळा आला आणि कुठल्या पात्राबद्दल अजून कळायला हवं होतं. दोघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं की कामाला लागा. आणि बदलायचं तर मोठं बदला, सांगणारं पात्र बदला, शेवटाजवळून सुरुवात करा, जी घटना दोन ओळींत उरकली होती ती पूर्ण प्रसंग म्हणून लिहा. सुचणं परत येतं ते अशाच वेळी, अचानक कुठल्यातरी पात्राच्या तोंडी तुम्ही न ठरवलेलं वाक्य येतं.

नवीन सुरू करण्याच्या बाजूने उदाहरण रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्तीचं. तिची पहिली कादंबरी कैरोमध्ये घडणारी होती, ती प्रकाशकांनी नाकारली, मग लेखकांचं लिखाण प्रकाशकांपर्यंत नेणाऱ्या एका एजंटकडे गेली तर त्यानेही परत केली आणि सांगितलं की हे डोक्यातून काढ, दुसरी लिही. ती पहिली कधीच छापली गेली नाही. पुढे तिने पहिली रहस्यकथा लिहिली, तिलाही नकार मिळाले पण १९२० मध्ये ती पुस्तकरूपाने आली. नव्या लिखाणाचा मोठा फायदा हाच, मागच्यात शिकलेलं सगळं हाताशी असतं आणि मागच्या चुकांची डागडुजी करायची नसते.

धोका पण आहे. नकाराची भीती नव्या कागदावरही येते आणि आपण न पाहिलेल्या संपादकाला खूश करायला लिहायला लागतो, मग सगळं बेतलेलं वाटतं. दुसरं म्हणजे दर नकाराला नवीन सुरुवात करायची सवय लागली तर सुरुवातींचा ढीग होतो आणि शेवटापर्यंत जायला हात शिकतच नाही, तुमचं असं होत असेल तर नवीन घेऊ नका, जुनी पूर्ण करा. नाहीतर पहिले काही दिवस कुठेच पाठवायचं नाही असं काहीतरी लिहा, वेगळ्या प्रकारात, कथा लिहिणाऱ्याने एखादं पत्र, कविता लिहिणाऱ्याने नुसते संवाद.

अजूनही ठरत नसेल तर हस्तलिखित बाजूला ठेवा, अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग किमान सहा आठवडे सांगतो, आणि तेवढ्यात भरपूर वाचा, शक्यतो तुम्ही लिहिता त्यापेक्षा वेगळं. नंतर एका बैठकीत सगळं वाचा. वाचताना ‘इथे हिने असं का केलं असेल’ असे प्रश्न पडायला लागले तर पुन्हा लिहा. सगळी उत्तरं आधीच माहीत आहेत आणि फक्त छापून यावं एवढीच इच्छा उरलीय, तर नवीन घ्या.

नवीन घेतलं म्हणजे जुनं फेकायचं नाही बरं का. किंगने कॉलेजमध्ये लिहिलेली ‘द लाँग वॉक’ एका स्पर्धेतून परत आली होती, त्याचं पहिलं पुस्तक म्हणून ‘कॅरी’ १९७४ मध्ये आली आणि ती जुनी नंतर १९७९ मध्ये टोपणनावाने छापली गेली. तेव्हा जुनी गोष्ट पाठवत राहा, कुठे कधी पाठवली आणि काय उत्तर आलं याची एका वहीत नोंद ठेवा, आणि एक परत आली की त्याच आठवड्यात पुढच्या ठिकाणी पाठवा, म्हणजे रोजचा लिहायचा वेळ नव्या गोष्टीला मोकळा राहतो.