अंदमानची खोटी बोट तिकिटं आणि आमचे ९६,००० रुपये

जानेवारीत आम्ही चौघं अंदमानला गेलो होतो. मी, हे, नववीतला मुलगा आणि माझे सासरे. सासऱ्यांना सेल्युलर जेल बघायचं होतं, मुलाला स्कूबा करायचं होतं आणि मला हॅवलॉक आणि नील ही दोन्ही बेटं बघायची होती. एकीकडे राधानगरचा पांढरा किनारा आणि त्याला अगदी चिकटून जंगल, दुसरीकडे खडकांचा नॅचरल ब्रिज आणि भाजीचे मळे. २०१८ पासून सरकारी नावं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी आहेत, पण तिथले लोक जुनीच नावं घेतात.

मोबाईलवरच्या एका जाहिरातीतून एजंट मिळाला. "ताई, मी मूळचा साताऱ्याचा, आता पोर्ट ब्लेअरला ऑफिस आहे. आपलीच माणसं," असं म्हणाला. रोज फोन करायचा. सासऱ्यांचा गुडघा दुखतो हे कळल्यावर "आजोबांसाठी जेटीवर व्हीलचेअर सांगून ठेवतो" असंही आपणहून म्हणाला. एवढी आस्था दाखवल्यावर मी निर्धास्त झाले.

विमानाची तिकिटं आम्ही स्वतः काढली होती. बाकी सहा रात्रींचं पॅकेज चौघांचं ९६,००० ठरलं. आधी ३०,००० दिले. मग त्याने हॉटेलची व्हाउचर आणि बोटीची तिकिटं पीडीएफमध्ये पाठवली. चौघांची नावं, वयं सगळं बरोबर होतं, म्हणून उरलेले ६६,००० पाठवले. तेही त्याच्या वैयक्तिक खात्यावर, कारण "कंपनीच्या खात्यावर टाकलंत तर ५ टक्के जीएसटी लागेल". ४,८०० रुपये वाचतील म्हणून मी पक्कं बिल सोडलं. ही माझी सगळ्यात मोठी चूक.

पहिले दोन दिवस कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. विमानतळावर आमच्या नावाची पाटी घेऊन ड्रायव्हर उभा होता, हॉटेल स्वच्छ होतं, लाइट अँड साउंड शोची तिकिटंही हातात मिळाली. सावरकरांच्या कोठडीत सासरे बराच वेळ काही न बोलता उभे राहिले. खाली आल्यावर कोलूपाशी त्यांनी नातवाला बसवून घेतलं आणि कैद्यांना घाण्याला जुंपून तेल काढायला लावायचे ते समजावलं. त्या संध्याकाळी मी एजंटला आभाराचा मेसेज केला. आता कळतंय की हे दोन दिवस खरे ठेवणं हाच त्याच्या कामाचा भाग होता. माणूस एकदा तिथे पोचला आणि खूश झाला की पुढचे कागद तपासत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी जेटीवर खिडकीतल्या मुलाने आमचं तिकीट बघितलं आणि शेजारच्या प्रवाशाच्या तिकिटाजवळ धरलं. तेव्हा मलाही दिसलं. आमच्या नावांची अक्षरं बाकीच्या मजकुरापेक्षा जरा जाड होती आणि ओळ किंचित खाली सरकलेली होती. तिकीट नंबर नोव्हेंबरमधल्या दुसऱ्याच कुणाच्या फेरीचा होता. एजंटने पहिला फोन उचलला, "नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे ताई, दहा मिनिटांत करतो" म्हणाला आणि मग फोन बंद. व्हीलचेअरचं तिथे कुणालाच माहीत नव्हतं. सासरे उन्हात सूटकेसवर बसून राहिले.

मी हॅवलॉकच्या हॉटेलला फोन लावला. "तुमच्या नावाने खोली धरली होती, पण अॅडव्हान्स आलाच नाही म्हणून रद्द केली." नीलच्या हॉटेलात तर आमचं नावच नव्हतं.

त्या दिवशीच्या सगळ्या बोटी भरलेल्या होत्या. एक रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच पदरचे पैसे घालून काढली, दुसऱ्या दिवशी हॅवलॉकला गेलो, नील सोडून दिलं. वरचा खर्च ४१,००० झाला.

हॅवलॉकला ज्यांच्याकडे उतरलो त्या बंगाली काकांना मी एजंटने दिलेला कार्यक्रम दाखवला. त्यांनी दोन ओळींवर बोट ठेवलं. राधानगरचा सूर्यास्त संध्याकाळी ६.३० ला लिहिला होता. अंदमान इतकं पूर्वेला आहे की आपल्याच घड्याळाप्रमाणे तिथे जानेवारीत साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. आणि नॅचरल ब्रिज ओहोटी असतानाच नीट बघता येतो, त्यामुळे तिथला माणूस तारीख विचारून, भरती-ओहोटीचं कोष्टक बघून वेळ देतो. आमच्या कागदावर नुसतं "दुपारी ३" होतं. हा मनुष्य पोर्ट ब्लेअरचा नव्हताच, असं काका म्हणाले.

म्हणून कळकळीने सांगते, दुसरा हप्ता देण्याआधी प्रत्येक हॉटेलला स्वतः फोन करा, आणि तोही व्हाउचरवरच्या नंबरवर नाही, स्वतः शोधलेल्या नंबरवर. "बुकिंग आहे का" एवढं विचारून थांबू नका, "पैसे जमा झालेत का" हे विचारा. बोटीचा तिकीट नंबर थेट बोट कंपनीकडून पक्का करून घ्या. अंदमानातल्या नोंदणीचा जीएसटी नंबर ३५ ने सुरू होतो, महाराष्ट्रातला २७ ने. तो सरकारी पोर्टलवर टाकला की धंद्याचं नाव दिसतं. एजंटने दिलेला नंबर मी घरी परतल्यावर टाकला, तर ते बांधकामाच्या सामानाचं दुकान निघालं.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे देऊन दोन आठवडे झाले होते आणि त्या खात्यात काही उरलं नव्हतं. हा फोन पहिल्या काही तासांत केला तरच पैसे अडवता येण्याची आशा असते. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. २०१९ च्या कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. काकांनी एक गोष्ट आठवणीने करायला लावली होती, ज्या हॉटेलने खोली रद्द केली त्यांच्याकडून लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी तसं लिहून घ्यायची. हॅवलॉकचं पत्र माझ्या फायलीत आहे. नीलच्या हॉटेलचं राहिलं, कारण नीलला आम्ही पोचलोच नाही.