बिस्केच्या वादळातली क्रूझ: बोट आणि क्रूला पूर्ण मार्क, कंपनीच्या ऑफिसला नाही

आई-बाबा अलिबागहून आमच्याकडे इंग्लंडला आले होते म्हणून साउथॅम्प्टनवरून निघणारी क्रूझ घेतली, स्पेन-पोर्तुगालची आ कोरुन्या, लिस्बन, काडिझ, विगो ही बंदरं आणि परत. जेवण-शो वगैरेंबद्दल एवढंच की जेवण छान होतं, शाकाहारी लोकांना भरपूर होतं, शो ठीकठाक. ते सगळं कुठेही वाचायला मिळतं. मला लिहायचंय ते वादळाबद्दल, कारण जाताना बिस्केच्या उपसागरात आम्ही जे काही अनुभवलं त्याबद्दल बुकिंग करताना कोणी चकार शब्द काढत नाही आणि घरात वयस्कर माणसं असतील तर हे माहीत असायलाच हवं.

बिस्के म्हणजे फ्रान्स आणि स्पेनच्या खोबणीतला समुद्र. अख्ख्या अटलांटिकवरून लाटा तिथे येतात आणि चार हजार मीटरहून खोल असलेलं पाणी तिथे एकदम दोनशे मीटरच्या आत येतं, मग त्या लाटा उंच आणि उभ्या होतात. शरद ऋतू ते मार्च हा तिथला वादळांचा सीझन, आपल्याकडे नारळी पौर्णिमेच्या आधी दर्यात बोट घालत नाहीत तसा काही नियम इकडे नाही, क्रूझ वर्षभर चालूच असतात, तिकीट स्वस्त असतं ते त्यामुळेच.

कॅप्टनला माझे सगळ्यात जास्त मार्क. दुपारीच अनाउन्समेंट केली, आणि गोलमोल नाही, सरळ सांगितलं की रात्री वारा फोर्स १० पर्यंत जाईल म्हणजे ताशी ९० ते १०० किलोमीटर, लाटा आठ-नऊ मीटर, आ कोरुन्या रद्द, स्पीड कमी करून बोट लाटांना तोंड देत नेणार कारण लाट बाजूने घेतली तर जास्त डोलेल, बाहेरचे डेक बंद, आणि चालताना एक हात कायम रेलिंगला. पुन्हा संध्याकाळी बोलला, झोपायच्या आधी बोलला, सकाळी उठल्या उठल्या बोलला. काय होणार ते आधी सांगितलं आणि तसंच झालं, त्यामुळे माणूस घाबरला तरी सैरभैर होत नाही.

तयारी बघण्यासारखी होती. तासाभरात स्विमिंग पूल रिकामा करून वर जाळी, ड्यूटी फ्रीमधल्या बाटल्या शेल्फवरून काढून कार्पेटवर खोक्यात, लिफ्टजवळच्या रेलिंगमध्ये दर दोन हातांवर उलटीच्या कागदी पिशव्या खोचलेल्या. जेवणाच्या टेबलावर वेटरने टेबलक्लॉथवर पाणी शिंपडून तो ओला केला, म्हटलं हे काय, तर ओल्या कापडावर प्लेटा घसरत नाहीत. खरंच घसरल्या नाहीत, काट्याचमच्यांचं मात्र काही खरं नव्हतं.

रात्री अकरानंतर जे सुरू झालं ते पहाटेपर्यंत. आमची केबिन वरती आणि पुढच्या टोकाला, आई-बाबांची पाचव्या डेकवर बरोबर मधोमध. आमच्याकडे बोटीचं नाक वर जायचं, क्षणभर सगळं थांबायचं आणि लिफ्ट एकदम सुटावी तसं खाली, मग धडाम्म असा आवाज आणि त्यानंतर अख्खी केबिन थरथरायची. कपाटातले हँगर इकडून तिकडे खटखट खटखट, ड्रॉवर आपोआप उघडतोय बंद होतोय, बाथरूमचा पडदा भिंतीपासून हातभर लांब लटकतोय, भिंतीचे पॅनल कुरकुर करतायत. पोटात गोळा आला होता आणि नवऱ्याला तर बोट अशी लागली की त्याला उभंही राहवेना. शेवटी उशा घेऊन रेलिंग धरत धरत खाली आई-बाबांकडे गेलो, तर तिकडे बाबा चक्क पेपर वाचत होते! हालत होतं, पण निम्मंसुद्धा नाही. स्टॅबिलायझर म्हणून बोटीला दोन्ही बाजूंनी जे पंख असतात ते आडवं डोलणं कमी करतात, पुढे-मागे वर-खाली होणं नाही, आणि ते वर-खाली टोकांना सगळ्यात जास्त, मध्ये सगळ्यात कमी. तेव्हा केबिन खालची आणि मधली घ्या, खिडकी नसली तरी चालेल.

बाबांबद्दल थोडं सांगायला पाहिजे. रामदास बोट १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, आणि अलिबागकडच्या घरांमध्ये ती गोष्ट अजून सांगितली जाते. त्यामुळे निघायच्या आधीच्या मस्टर ड्रिलमध्ये, म्हणजे संकटात कुठे जमायचं त्याच्या तालमीत, बाबा एकेक शब्द कान देऊन ऐकत होते, आपलं स्टेशन कुठलं, सात छोटे भोंगे आणि एक लांब म्हणजे काय, जॅकेटचा पट्टा कसा. २०१२ ला इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ आडवी झाली, ३२ जण गेले, त्यानंतर हे ड्रिल बोट सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या घेणं सक्तीचं झालं. लोक फोनवर असतात त्या वेळी, प्लीज नका असू.

आणि मोठी क्रूझ लाटांनी उलटेल ही भीती सगळ्यांना वाटते, खरा धोका इंजिन बंद पडण्याचा असतो. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ व्हायकिंग स्काय या क्रूझची इंजिनं भर वादळात बंद पडली, टाकीत वंगणाचं ऑईल कमी होतं आणि बोट हलायला लागल्यावर ते पंपापर्यंत पोचेना. १३७३ माणसं होती वर, साडेचारशेहून जास्त जणांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं, बाकीचे दुसऱ्या दिवशी बोटीनेच मोल्दे बंदरात पोचले. बिस्केमध्येही नोव्हेंबर २०२३ ला एका ब्रिटिश क्रूझवर शंभरेक प्रवासी जखमी झाले होते. म्हणून रात्री उगाच फिरायचं नाही, आणि दाराच्या फटीत बोटं घालायची नाहीत, ती दारं जड असतात आणि धाडकन बंद होतात.

क्रूबद्दल किती लिहू. आमचा केबिनवाला मुलगा गोव्याचा, डिचोलीकडचा, मराठी छान बोलायचा. आईला मळमळायला लागलं तर पहाटे हिरवी सफरचंदं आणि सुकी बिस्किटं घेऊन हजर, "मावशी, पोट रिकामं ठेवू नका, हळूहळू खा, आणि आडव्या पडा." तो स्वतः रात्रभर झोपला नव्हता, डोळे लाल झालेले, तरी दर थोड्या वेळाने दारावर टकटक करून बघून जायचा. आईला अजून त्याची आठवण येते. अशा मुलांच्या जिवावर या बोटी चालतात हे कंपन्यांनी विसरू नये.

आता तक्रार. मेडिकल सेंटरमध्ये उलटीचं इंजेक्शन घेतलं तर त्याचे आणि डॉक्टरच्या फीचे भरपूर पैसे लागतात, हे आधी कुठेच ठळकपणे लिहिलेलं नव्हतं. आणि रद्द झालेल्या बंदराचे फक्त पोर्ट चार्जेस परत आले, तेही विचारल्यावर. करारात तसं आहे, मान्य, हवामानामुळे बंदर गाळायचा हक्क त्यांना आहे आणि तो घेतला ते बरंच केलं. पण ऑफिसला ईमेल केला तर उत्तर आलं ते छापील, त्यात आमच्या बोटीचं नावही चुकलेलं, सत्तरीच्या माणसांची साधी चौकशी नाही. बोटीवर एवढी आपुलकी आणि किनाऱ्यावर हे, मनाला लागलं.

जाणाऱ्यांसाठी: इन्शुरन्समध्ये क्रूझ कव्हर वेगळं घ्यावं लागतं, भारतातून काढलेल्या पॉलिसीत ते आहे का नीट वाचा. भारतीय पासपोर्ट असेल तर यूके आणि शेंगेन दोन्ही व्हिसा मल्टिपल एंट्री हवेत. बोट लागायची गोळी डॉक्टरांना विचारून निघतानाच घ्या, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. आलेपाक खरंच उपयोगी पडला, आईने डबा भरून आणला होता आणि शेजारच्या केबिनमधल्या इंग्लिश आजींनीही मागून मागून खाल्ला.

पाचपैकी चार स्टार देतेय, एक कापला तो ऑफिससाठी. पुढच्या जूनमध्ये नॉर्वेला याच बोटीने जायचा विचार आहे, बाबांनी पाचव्या डेकवरच्या मधल्या केबिनचा नंबर आत्ताच लिहून ठेवायला सांगितलाय.