विचारांपासून सुरुवात की शरीरापासून? कोल्हापुरात मानसोपचार निवडताना

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली, की २०१९ आणि २०२१ चा महापूर घरात पाहिलेल्या काही माणसांची छाती धडधडू लागते आणि झोप उडते. अशा वेळी मदत घ्यायचे ठरवलेल्या माणसापुढे साधारणपणे दोन वाटा असतात. एक संज्ञानात्मक वर्तन उपचाराची, म्हणजे सीबीटीची. दुसरी मेंदूविज्ञानाच्या आधारे मन, शरीर, झोप आणि नातेसंबंध यांचा एकत्र विचार करणाऱ्या समग्र पद्धतीची.

सीबीटीची मांडणी ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात केली. ‘पाऊस वाढला म्हणजे आता सगळे जाणार’ यांसारखा विचार पकडून तो पुराव्यावर तपासणे, टाळत आलेल्या गोष्टींना हळूहळू सामोरे जाणे आणि दोन सत्रांच्या मध्ये घरचा अभ्यास करणे, असे तिचे स्वरूप असते. साधारण १२ ते २० साप्ताहिक सत्रांत उपचार पूर्ण होतो, त्यामुळे खर्चाचा अंदाज आधीच बांधता येतो. नैराश्य आणि चिंताविकारांवर संशोधनाचा इतका भक्कम आधार फार थोड्या मानसोपचारांना आहे. मात्र कित्येक रात्री नीट न झोपलेल्या माणसाच्या हाती वही देऊन विचार नोंदवायला सांगितले, तर ते त्याला जड जाते, आणि उपचार अर्ध्यावर सुटण्याचा धोका असतो.

समग्र पद्धत नेमकी तिथून सुरू होते. धोक्याची चाहूल लागताच मेंदूतील धोका ओळखणारा भाग, म्हणजे अमिग्डाला, सावध होतो, ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके वाढतात, आणि विचारपूर्वक निर्णय घेणाऱ्या पुढच्या भागाचा ताबा सैल होतो, हे समजावून सांगितले जाते. श्वास सावकाश, लांबवून सोडला की व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाची गती कमी होते, म्हणून श्वसनाचा सराव दिला जातो. झोपेची वेळ, व्यायाम, घरातले ताण यांची विचारपूस होते; चांगला तज्ज्ञ थायरॉईड आणि बी-१२ ची तपासणीही सुचवतो, कारण त्यांतील बिघाड हुबेहूब नैराश्यासारखा दिसू शकतो. ‘मी मनाने कमकुवत आहे’ ही लाज या समजुतीने कमी होते, आणि माझ्या मते हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

तिची उणीवही तितकीच स्पष्ट आहे. ‘मेंदूविज्ञानावर आधारित’ असे कोणीही लिहू शकतो, कारण त्या शब्दांमागे एकच ठरलेली उपचारपद्धती नाही. केवळ ‘ब्रेन मॅपिंग’च्या, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींच्या नोंदीवरून काढलेल्या, रंगीत चित्रावरून नैराश्याचे निदान करून महागडे पॅकेज सुचवले जात असेल, तर ते घेऊ नये. शिवाय सीबीटीतही शरीराला जागा आहे: पॅनिकच्या, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांच्या, उपचारात धडधड मुद्दाम निर्माण करून तिची भीती घालवली जाते. पुरासारख्या आघाताच्या आठवणी पुन्हा पुन्हा उसळत असतील, तर आघातकेंद्रित सीबीटी किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आघाताच्या आठवणींवर काम करणारी पद्धत) येते का, हे विचारावे; जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या दोन्हींची शिफारस केली आहे.

म्हणून माझा कौल असा: गाभ्याला सिद्ध उपचार असावा आणि समग्र दृष्टी त्याच्या जोडीला असावी, दोन्ही एकाच तज्ज्ञाकडे मिळत असतील तर उत्तम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे न संकोचता विचारावे.

आत्महत्येचे विचार, भास किंवा अन्नपाणी सुटणे अशी लक्षणे असतील, तर ही तुलना बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांना किंवा सीपीआर रुग्णालयात दाखवावे. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनची १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास सुरू असते. नैराश्यावरील औषधांचा परिणाम जाणवायला बहुधा काही आठवडे लागतात, आणि ती घेत असताना यांपैकी कोणताही उपचार चालू ठेवता येतो.

पहिल्याच भेटीत ‘सहा-आठ सत्रांनंतर काय बदललेले असेल आणि ते आपण कसे मोजणार?’ असे विचारावे. नैराश्याची तीव्रता मोजणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली सुरुवातीला आणि नंतर भरून घेणारा तज्ज्ञ कोणत्याही पद्धतीचा असला तरी अधिक विश्वासाचा. तेवढ्या सत्रांनंतरही गुण जिथल्या तिथे राहिले, तर उपचार किंवा तज्ज्ञ बदलण्याविषयी त्यांच्याशीच मोकळेपणाने बोलावे.