रॉक अल्बमचं कव्हर लग्नपत्रिकेच्या प्रेसमधे छापलं, साडेतीन स्टार

आमचा चौघांचा बँड आहे, दोघं भुसावळचे, ड्रमर चाळीसगावचा आणि मी जळगावचा, गाणी मराठी आणि थोडी अहिराणी. सहा गाण्यांची सीडी काढली. आता सीडी कोण ऐकतं हे घरात सगळ्यांचं बोलून झालंय, पण शो संपल्यावर लोकांच्या हातात द्यायला काहीतरी लागतं ना राव, लिंक काय कोणी कपाटावर मांडून ठेवत नाही. पुण्याचं कोटेशन बघून गप्प बसलो आणि जळगावातल्याच एका प्रेसमधे गेलो. वर्षभर लग्नपत्रिका आणि गणपती मंडळांची पावतीपुस्तकं छापतात. नाव लिहीत नाही कारण पुढं तक्रारी आहेत आणि दुसरा अल्बमही तिथंच करायचाय.

चित्र मी काढलेलं. रात्रीची केळीची बाग, मागं दीपनगरच्या वीजकेंद्राच्या धुराच्या चिमण्या, पानांना झगझगीत पोपटी कडा. लॅपटॉपवर असलं भारी दिसत होतं! छापून आलं तर पोपटीची वाळलेली मेथी झालेली. आता स्क्रीनचा रंग उजेडाचा, आरजीबी, आणि छपाई चार शायांची, सीएमवायके, तो पोपटी त्या चार शायांत बसतच नाही हे मला आता कळलंय, पण कॉम्प्युटरवर बसणाऱ्या पोराला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि त्यानं सांगितलं कधी, तर प्लेटा निघाल्यावर. तसाच रंग पाहिजे तर पाचवी वेगळी शाई, तिची वेगळी प्लेट, वेगळे पैसे. आम्ही पानं गडद हिरवी केली, नव्या प्लेटांचे पैसे दिले आणि गप्प घरी आलो. अर्धा स्टार इथंच कापला.

पण मशीनवरचे काका. त्या माणसासाठी तरी जा. आम्ही दोन पानी जाकीट ठरवलेलं, एका बाजूला सीडीचा खिसा, आणि मी हुशारीनं खिसा बरोब्बर १२० मिलिमीटर धरलेला कारण सीडी १२० ची असते. काकांनी फाईल बघितलीच नाही, कोरा कागद घेतला, कापला, दुमडला, चिकटवला आणि म्हणाले, "भो, पहिले सीडी घालून तर पाहा." गेलीच नाही आत. कागदाची जाडी आणि चिकटवायची पट्टी मी हिशोबातच धरली नव्हती. खिसा १२५ चा केला. कोऱ्या कागदाच्या त्या एका डमीनं आमचे ५०० तुकडे रद्दीत जायचे वाचले.

घडीचं पण तसंच. ३०० जीएसएमचं म्हणजे चांगलं जाड आर्ट कार्ड, त्यावर सगळीकडे काळा रंग, आणि कागदाच्या रेषेला, म्हणजे आतले तंतू ज्या दिशेनं असतात तिला, आडवी घडी पडली की काळ्यावर पांढऱ्या भेगा दिसतात. काकांनी शीटवर जाकिटं फिरवून लावली, रेषेच्या दिशेनं घडी घेतली, आधी मॅट लॅमिनेशन मग क्रीजिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच. एक पण तडा नाही. मॅटवर बोटांचे ठसे मात्र उठतात, भरीत खाऊन हात लावू नका.

काळा हा पण एक विषयच आहे. नुसती काळी शाई मोठ्या जागेवर जरा राखाडी दिसते म्हणून खाली थोडी निळी शाई देतात. पण त्याच काळ्यावर पांढरी बारीक अक्षरं असली आणि प्लेट केसभर सरकली की वेलांट्या बुजतात. आमच्या आतल्या पानावर ओळी पाच पॉइंटच्या होत्या, अनुस्वार शोधावे लागत होते. तिथं एकटा काळा ठेवला आणि अक्षर सात पॉइंट केलं, आता चष्मा न लावता वाचता येतं.

सगळ्यात जास्त डोकं गेलं गाण्यांच्या ओळींवर. मी युनिकोडमधे दिलेल्या, त्यांचं सगळं काम श्रीलिपी फॉन्टात, आणि कन्व्हर्ट करताना रफार भलत्याच अक्षरावर, जोडाक्षरांचे तुकडे. अहिराणी ओळींत तर त्या पोरानं 'शे' दिसलं की चूक समजून 'आहे' केलं, गाण्याचं यमकच गेलं की हो. चार वेळा प्रूफ वाचलं, शेवटी मीच शेजारी बसून अक्षरं कर्व्ह करून घेतली, म्हणजे अक्षराचं चित्रच होतं, मग फॉन्ट बिघडत नाही. क्यूआर कोडसुद्धा काळ्यावर पांढरा उलटा करून ठेवला होता, ड्रमरचा जुना मोबाईल तो वाचेचना, म्हणून सरळ पांढऱ्या चौकोनात घ्यायला लावला. अजून अर्धा स्टार गेला.

तसं बघितलं तर जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या फोटोच्या वहीसारख्या बांधून विकायचे, अल्बम नाव तिथूनच आलं. १९४० मधे ॲलेक्स स्टाइनवाइस नावाच्या माणसानं कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी त्या साध्या पुठ्ठ्यांवर चित्रं काढायला सुरुवात केली. १९४८ ला बारा इंची एलपी तबकडी, १९८२ ला बारा सेंटिमीटरची सीडी. चित्र एवढं आक्रसलंय, त्यात मी चिमणीवरचे लाल दिवे पण काढले होते, छापल्यावर धुळीचे कण वाटतात. बारीक काम करू नका, ठसठशीत करा.

उरलेला अर्धा स्टार तारखांचा. आठ दिवस म्हणाले, चोवीस लागले, कारण मधे लग्नाची तीथ आली आणि आमचं जाकीट पत्रिकांच्या गठ्ठ्याखाली गेलं. लग्नसराईत जाऊच नका, आषाढात जा, गणपतीच्या पावत्या सुरू व्हायच्या आत. जाताना खरी सीडी खिशात ठेवा, आणि पोराकडे फाईल द्यायच्या आधी मागच्या दारानं काकांकडे. चार वाजता ते चहाला बाहेर असतात.